आजचा अंक हातात धरून

वर्तमानपत्राच्या त्या कार्यालयात शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे जण त्यांना वहिनी म्हणत. त्यांचे यजमान पूर्वी तळमजल्यावरच्या छापखान्यात मशीनवर होते, तेव्हापासूनचे हे नाते. पुढे यजमान निवृत्त झाले, यंत्रांच्या धडधडीने त्यांचे कान अधू झाले, छापखानाही गावाबाहेर गेला. वहिनी मात्र वहिनीच राहिल्या. ज्यांनी त्यांच्या यजमानांना कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, असे नवे वार्ताहरसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारीत.

त्या नोकरीला लागल्या टेलिफोनच्या बोर्डावर. बाहेरचा प्रत्येक फोन त्यांच्या कानावरून आत जात असे. त्यामुळे माणूस दोन वाक्ये बोलला की तो घाबरलेला आहे, रागावलेला आहे की थापा मारतो आहे, हे त्यांना उमगे. बोर्ड बंद पडला तेव्हा त्यांचे काय करावे, असा प्रश्न आला. त्याच सुमारास वाचक आपापल्या फोनवरून फोटो आणि व्हिडिओ कार्यालयाकडे पाठवू लागले होते, आणि त्या ढिगाला कोणी वाली नव्हता. वहिनींना लोकांशी बोलण्याची सवय आहे, असे म्हणून त्यांना त्या कामावर बसवले. क्रीडा विभाग आणि पिण्याच्या पाण्याचे यंत्र यांच्यामधल्या बोळात त्यांना टेबल मिळाले. ज्याला तहान लागेल तो त्यांच्या खुर्चीला धक्का देऊनच पुढे जाई.

काम दिसायला सोपे होते. वाचकाने फोटो पाठवला की वहिनी त्याला फोन लावीत. हा तुम्ही स्वतः काढलात का, हे पहिले विचारीत. मग मूळ फोटो मागवीत. कारण एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आलेल्या फोटोतून तो कधी आणि कोठे काढला याच्या खुणा पुसल्या जातात. त्यानंतर दुकानांच्या पाट्या, सावल्यांची दिशा, रस्त्यावरचा ओलावा हे सगळे डोळ्यांत तेल घालून पाहत. शेवटी, छापू का आणि नाव घालू का, अशी परवानगी घेत. एवढे सगळे जुळले म्हणजेच फोटो वृत्तसंपादकांच्या टेबलावर जाई.

एका गृहस्थांनी एकदा आपल्या इमारतीच्या जिन्यात बिबट्या बसल्याचा फोटो धाडला होता.

"जिन्यातला दिवा कसला आहे हो तुमच्याकडे?" वहिनींनी विचारले.

"पांढरा. का?"

"फोटोत पिवळा दिसतोय. बिबट्याने येताना बदलून आणला वाटतं."

गृहस्थांनी फोन ठेवून दिला. बोळात हशा पिकला. घरीही या सवयीची थट्टा होई. यजमान शेजाऱ्यांना सांगत, "मी भाजी आणली तरी हिची चौकशी असते. स्वतः आणलीत का? मूळ पिशवी कुठाय? सावली कुणीकडे पडली होती?"

असे असूनही वहिनी एकदा फसल्या. एका रुग्णालयात लहान मुलांच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरल्याचा फोटो आला. पाठवणारा फोनवर रडत होता. त्याने स्वतःच्या मुलाची शपथ घेतली. वहिनींनी मूळ फोटोसाठी अडून न बसता तो पुढे धाडला. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने दारे उघडून सगळ्यांना कोरडी फरशी दाखवली. फोटो दुसऱ्याच शहरातला, फार जुना निघाला. पहिल्या पानावर माफी छापावी लागली. वृत्तसंपादकांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी सगळ्यांसमक्ष वहिनींना उभे केले.

"वहिनी, शपथ घेतली म्हणून छापलंत?"

"रडत होता हो तो माणूस."

"मी उद्या रडत रडत सांगतो की मी राजा आहे. काढाल माझा मुकुट पहिल्या पानावर?"

लोक हसले. तो अपमान त्यांना फार झोंबला, कारण चूक त्यांच्या दयाळूपणामुळे झाली होती, आणि दयाळूपणावर हसणे त्यांनी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी कानाला खडा लावला. महत्त्वाचा फोटो असेल, तर पाठवणाऱ्याने त्या दिवशीचा अंक विकत घ्यावा, तो हातात धरून त्याच जागी पुन्हा उभे राहावे, आणि अंकाचा मथळा वाचता येईल असा दुसरा फोटो काढून पाठवावा, असा नियम त्यांनी केला. जुना फोटो दाखवून फसवणारा येथेच अडखळे. साहेबांना नियम इतका आवडला की त्यांनी तो इतर आवृत्त्यांनाही कळवला. अंकांच्या विक्रीचे काम पाहणारे बुवा म्हणत, "वहिनी, तुमच्या नियमाने माझा खप वाढला बघा!" वहिनी हसत. आपल्या नावाने कार्यालयात एक नियम चालतो, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो वाटण्यासारखाही होता.

पुढे एके दिवशी सकाळी एका भिंतीचा फोटो आला. टेकडीच्या उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी बांधलेली ती उंच दगडी भिंत होती. तिच्या पायथ्याशी दाटीने घरे होती आणि माथ्यावर पाण्याची पिवळी टाकी. भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग गेली होती, आणि त्या भेगेत कोणीतरी आपला पंजा मनगटापर्यंत घातला होता.

वहिनींनी फोन लावला. पलीकडून वाहनांचा गोंगाट येत होता.

"ताई, पोचला का फोटो?"

"पोचला. तुम्ही स्वतः काढलात ना, दादा?"

"हात माझाच आहे. डाव्या हाताने काढलाय, म्हणून वाकडा आलाय. समजून घ्या."

"काम काय करता आपण?"

"नळाचं. गळती, तुंबलेलं, काय म्हणाल ते. भिंतीतलं मला काही कळत नाही, आधीच सांगून ठेवतो. पण मागच्या आठवड्यात तिथं बोट जात होतं, आता अख्खा हात जातो. आम्ही सगळे तिच्या खालीच राहतो हो."

"नगर कार्यालयात कळवलंत?"

"कळवलं. पाहणी होईल म्हणाले. आम्ही रोज त्यांची वाट पाहणी करतोय." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि लगेच गंभीर झाला. "पेपरात आलं तर येतील, ताई. माझे वडील म्हणतात, छापून आलं की साहेब लोक चपला हातात घेऊन धावतात. त्यांना वाचता येत नाही, पण पेपरावर फार विश्वास आहे त्यांचा."

वहिनींनी मूळ फोटो मागवला. तो तत्काळ आला. वेळ त्याच सकाळची होती, जागा तीच होती. पिवळी टाकी, उताराचा रस्ता, सगळे नकाशाशी जुळत होते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, की फोटो खरा आहे याविषयी वहिनींच्या मनात तेव्हा तिळमात्र संशय उरला नव्हता. त्या माणसाच्या आवाजात खोट नव्हती, हे त्यांचे कान त्यांना सांगत होते. पण याच कानांनी त्यांना पूर्वी एकदा तोंडघशी पाडले होते.

"दादा, एक करा. आमचा आजचा अंक घ्या, आणि तो हातात धरून त्याच भेगेपाशी दुसरा फोटो काढून पाठवा."

"पेपर धरून? पकडलेल्या चोराला पाटी देतात तसा?"

"नियम आहे आमचा."

"मी कामाला निघालोय ताई, अर्ध्या वाटेत आहे. संध्याकाळी काढला तर?"

"मग उद्याच्या अंकात नाही येणार. दुपारी बैठक असते आमची."

"बरं, जातो परत. तुमचंही खरंच आहे. मीसुद्धा गळती काढली की पाणी सोडून दाखवतो, तेव्हा कुठं गिऱ्हाइकाला पटतं."

थोड्या वेळाने फोटो आला. अंक वाऱ्याने दुमडला होता आणि मथळा वाचता येत नव्हता. साहेब बैठकीत नेमके यावरच बोट ठेवतील, हे वहिनींना ठाऊक होते. त्यांनी पुन्हा फोन केला.

"दादा, मथळा दिसत नाहीये. जरा जवळून घ्या आणि अंक सरळ धरा."

"ताई, इथं बारीक बारीक माती सुटायला लागलीय. डोळ्यांत जातीय."

"एकच घ्या. स्पष्ट आला की झालं."

"बरं. हसू का?"

"हसू नका."

हा फोटो उत्तम आला. खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला, गालफडे बसलेला एक माणूस भेगेला पाठ टेकून उभा होता. एका हातात त्याने अंक छातीशी सपाट दाबून धरला होता. मथळ्याचे अक्षर न अक्षर वाचता येत होते, आणि सांगितल्याप्रमाणे तो हसत नव्हता. 'मिळाला, आभारी आहे,' असे वहिनींनी लिहून पाठवले. तो निरोप त्याच्यापर्यंत पोचल्याची खूण काही उमटेना. फोन बंद पडला असेल, असे त्यांना वाटले. फोटो त्यांनी साहेबांकडे दिला. "झकास, पान तीन," साहेब म्हणाले.

बैठक चालू असतानाच वाचकांचे फोटो येऊ लागले. त्यांत धूळ होती, दगड होते, धावणारी माणसे होती. वहिनी सवयीप्रमाणे एकेकाला फोन लावून विचारू लागल्या. तुम्ही स्वतः काढलात का? कोणत्या बाजूने? एका मुलीने रडत रडत सांगितले, की भिंत पडली, घरे दबली, माणसे आत आहेत. वहिनींनी विचारले, "कोणती भिंत, बाळ? खूण सांग काहीतरी." आणि मुलीने उत्तर देण्याच्या आधीच फोटोच्या एका कोपऱ्यात आडवी पडलेली पिवळी टाकी त्यांना दिसली.

तरीही त्यांनी त्या मुलीला, छापू का, असे विचारले. विचारले तेव्हा आपण काय विचारतो आहोत याचे भान त्यांना नव्हते. जीभ आपले काम करीत राहिली.

नळदुरुस्ती करणारा त्या ढिगाऱ्यात गेला. शेजारच्या घरांतली आणखी काही माणसेही गेली, आणि त्यांत एक तान्हे मूल होते. पुढच्या दिवसांत नगर कार्यालयाने आपले म्हणणे जाहीर केले. वस्तीतला एक नळकारागीर हत्यारे घेऊन भिंतीपाशी गेला होता. साचलेल्या पाण्याला वाट काढण्यासाठी त्याने भिंत उकरली असावी आणि त्यामुळेच ती कोसळली असावी, असे त्यांनी सांगितले. हत्यारांची पिशवी प्रेताच्या खांद्यालाच सापडली होती, त्यामुळे लोकांनाही ते पटले. वहिनींच्या वर्तमानपत्राने ते म्हणणे जसेच्या तसे छापले.

सकाळी यजमान अंक वाचत बसले होते. वर्तमानपत्र ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचीत. ज्याने जन्मभर छापले, त्याला दुसरे काय सुचणार?

"काय मूर्ख माणूस असेल!" ते मोठ्या आवाजात म्हणाले. "एवढ्या मोठ्या भिंतीला हत्यार लावतो! स्वतः गेला ते गेला, लोकांची लेकरं घेऊन गेला."

वहिनी चहा गाळत होत्या. त्यांच्याने काही बोलवले नाही. यजमानांना वाटले, आपल्याला ऐकू आले नाही, म्हणून ते कानामागे हात धरून "काय म्हणालीस?" असे विचारीत राहिले.

कार्यालयात गेल्यावर त्या पर्स खांद्यावरून न काढताच साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, तो उकरत नव्हता. फोटो काढत होता. आपल्यासाठी."

साहेबांनी दार लावून घेतले. "आपल्यासाठी हा शब्द पुन्हा काढू नका."

"फोटो आहे आपल्याकडे. हातात अंक आहे त्याच्या. हत्यारं पिशवीतच आहेत, स्पष्ट दिसतंय."

"मला आंधळा समजता का? मीही पाहिलाय. वकिलांशी बोललो मी. फोटो आला, आपण वापरला नाही, विषय संपला. वापरला, तर पहिला प्रश्न येईल की मोडक्या भिंतीपाशी माणसाला पाठवलं कोणी."

"मी पाठवलं."

"तेच म्हणतोय मी!" साहेबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "वहिनी, तुमची नोकरी संपायला थोडे दिवस राहिलेत. त्या माणसाला आता कशानेच फरक पडणार नाही. नियम तुमचा होता, माझा नव्हे. उद्या कोणी विचारलं, तर मला हेच सांगावं लागेल."

वहिनी बाहेर आल्या आणि आपल्या टेबलाशी बसल्या. त्या दिवशी आणि त्यानंतरही त्या काम करीत राहिल्या. लोक फोटो पाठवीत होते आणि त्या फोन लावीत होत्या. फक्त दुसरा फोटो मागताना त्या अडखळत. साहेबांचे म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांना वाटे. पण ते मोडून बोलण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. भय सगळ्यांनाच असते, आणि वहिनींनाही होते. आपण गप्प बसलो तर दिवस आपोआप पुढे सरकतील, असे त्या धरून चालल्या होत्या, आणि दिवस खरोखरच सरकतही होते.

मग एका दुपारी फोन वाजला. आवाज तरुण बाईचा होता. तिने आपण दुसऱ्या एका दैनिकातून बोलत असल्याचे सांगितले.

"वाचकांचे फोटो तपासायचं काम करते मी. तुमच्याकडे ते काम कोण बघतं?"

"मीच बघते. बोला."

"भिंत पडली ना, त्यातल्या नळवाल्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे एक फोटो आहे. भिंत पडण्याआधी यजमानांनी त्यांना पाठवलेला. 'उद्या पेपरात बघ' असं खाली लिहिलंय. त्यात ते तुमचा अंक धरून उभे आहेत. पण हा फिरून आलेला फोटो आहे, वेळ आणि जागा काही उरलेली नाही. मूळ फोन ढिगाऱ्यात चेचला गेला. आमचे संपादक म्हणतात, नाव वाचवायला घरच्यांनी बनवलाही असेल. मूळ फोटो कोणाकडे असलाच, तर तुमच्याकडे असेल. आला होता का?"

त्याच वेळी साहेब पेला घेऊन पाण्याच्या यंत्राकडे आले. वहिनींच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळे कळले. त्यांनी मान हलवून नको अशी खूण केली.

पलीकडे ती बाई वाट पाहत होती. ती घाई करीत नव्हती. समोरच्याला बोलायला जागा द्यावी म्हणून मुद्दाम गप्प राहण्याची ही रीत वहिनींच्या ओळखीची होती. त्या स्वतः अशाच गप्प राहत. आपण जर आला नाही म्हटले, तर तिकडे आलेला फोटो खोटा ठरेल, बायको लबाड ठरेल, आणि भिंत कायमची त्या माणसाच्या माथी बसेल, हे त्यांना लख्ख दिसले. इतके दिवस त्या नुसत्या गप्प होत्या. आता मात्र त्यांना खोटे बोलावे लागणार होते.

"आला होता," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"मूळ फोटो?"

"मूळ. वेळ आणि जागा दोन्ही आहेत त्यात. तुम्हाला पाठवते."

"तुम्ही स्वतः पाहिलात?"

"मी स्वतः मागवला."

पलीकडचा आवाज जरा हळू झाला. "मागवला म्हणजे?"

"पहिला फोटो त्यांनी आपणहून पाठवला. अंक हातात घेऊन दुसरा काढा, असं मी सांगितलं. तो स्पष्ट नव्हता, म्हणून पुन्हा जवळून काढायला लावला."

"धोका असेल तर जाऊ नका, असं सांगितलं होतंत त्यांना?"

"नाही."

"ते काही म्हणाले होते का धोक्याचं?"

"माती सुटतेय म्हणाले होते."

"मग?"

"मी म्हटलं, एकच घ्या."

ती बाई काहीतरी लिहून घेत होती. तिने विचारले, "पहिल्या फोटोवर तुमचा विश्वास नव्हता का?"

वहिनींनी साहेबांकडे पाहिले नाही. "होता," त्या म्हणाल्या. "पूर्ण होता."

"हे छापू का, बाई? तुमचं नाव घालून?"

"छापा. घाला नाव."

वहिनींनी फोन ठेवल्यावर साहेबांनी टेबलावरचा पेला उचलला. मग म्हणाले, "घरी जा, वहिनी. उद्या येऊ नका." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पुढे वहिनींना कामावरून कमी केल्याचे कळवण्यात आले, आणि नियम कधी कार्यालयाचा नव्हताच, असा खुलासा त्यांच्या वर्तमानपत्राने छापला.

दुसऱ्या दैनिकाने तो फोटो पहिल्या पानावर घेतला. नगर कार्यालयाने भिंत उकरल्याचे आपले म्हणणे दोन ओळींत मागे घेतले. यजमानांनी तो अंक वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी घालून ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी थट्टा करणे सोडले.

वहिनींना वाटले, आता आपण तिकडे जायला हवे. भिंतीखालून वाचलेल्या कुटुंबांना एका शाळेच्या रिकाम्या इमारतीत ठेवले होते. बाके भिंतीशी रचून, मधे दोऱ्या बांधून, दोऱ्यांवर चादरी टाकून प्रत्येक वर्गात चार-चार संसार केले होते. फळ्यावर कोणीतरी पाण्याची पाळी लिहून ठेवली होती. नळवाल्याचे कुटुंब सर्वांत शेवटच्या कोपऱ्यात होते. त्यांच्या आणि शेजारच्यांच्या मधल्या दोरीवर दोन चादरी, एकीवर एक, अशा टाकलेल्या होत्या. त्यातून दिसू नये, एवढाच त्यांचा उपयोग असणार.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या मागे एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कोण हवंय?"

"मी… पेपरातून आले. फोटो मागवणारी."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. तिने वहिनींना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "मला वाटलं होतं, तरुण असाल," ती म्हणाली. "बसा म्हणणार नाही मी."

"नका म्हणू."

"तुम्ही खरं सांगितलंत म्हणून उपकार मानून घ्यायला आलात का माझ्याकडून?"

"नाही हो. माफी मागायला आले."

"ती माझ्याकडे नाही." तिने घडी खाली ठेवली. "दुसरं काम आहे तुम्हाला. हे माझे सासरे. यांना वाचता येत नाही. पेपर दाखवला तर म्हणतात, पेपरात आधी पण आलं होतं की त्याने भिंत पाडली. मग खरा पेपर कोणता? इथली माणसं अजून आमच्याशी बोलत नाहीत. पलीकडच्या बाईचं लेकरू गेलंय. तिलाही वाचता येत नाही. सांगा यांना. आणि मोठ्याने सांगा, हळू नको."

वहिनी म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसल्या. जन्मभर त्यांनी लोकांना विचारले होते. सांगायचे कसे, ते त्यांना सुचेना. मग त्या बोलू लागल्या. फोटो कसा आला, त्यांनी काय विचारले, मुलगा अर्ध्या वाटेतून कसा परतला, माती सुटते म्हणाला तेव्हा त्या काय म्हणाल्या, सगळे त्यांनी क्रमाने सांगितले. आवाज त्यांनी खाली येऊ दिला नाही. वर्गातले भांड्यांचे आवाज एकेक करून थांबले.

म्हाताऱ्याने तोंड वळवले. "म्हणजे त्याने हत्यार लावलं नाही भिंतीला?"

"नाही, बाबा. हत्यारं पिशवीतच होती."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं. फोटोत दिसतं."

"आणि तुम्ही म्हणालात, पुन्हा काढ."

"हो."

"त्याने नाही म्हटलं नाही?"

"नाही."

"नाही म्हणायचाच नाही तो कुणाला," म्हातारा म्हणाला. "मी त्याला शिव्या दिल्या. मेलेल्याला. रोज दिल्या."

सून पुढे होऊन त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याचा हात धरला. वहिनींनीही हात पुढे केला होता. तो त्यांनी मागे घेतला. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. त्या उठून उभ्या राहिल्या, तरी पाय दाराकडे वळेनात.

तेवढ्यात मधल्या दोरीवरची एक चादर ओढली गेली, मग तिच्यामागची दुसरी. पलीकडची बाई, जिचे मूल गेले होते ती, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती वहिनींना ओलांडून पुढे गेली, म्हाताऱ्यासमोर वाकली आणि तांब्या त्याच्या हाताशी ठेवला.

"प्या, बाबा," ती म्हणाली.